दरसाल हरणारा कप्तान

आमच्या बुरूजपाड्यात झुंबर नावाचा एक माणूस राहतो, ही बातमी अख्ख्या गावाला यंदाच्या जत्रेत कळली. माणूस नवा नव्हे. वीसेक वर्षं तो इथेच राहतोय, इथल्याच वाण्याकडून मीठमिरची नेतोय, इथल्याच न्हाव्यापुढे मान वाकवतोय. पण गाव त्याला कप्तान म्हणतं. दूधवाला कप्तान म्हणतो, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर कप्तान म्हणतो. त्याच्या लेकीच्या, मोनालीच्या लग्नात नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याने आदराने विचारलं, "मुलीचे वडील मिलिटरीत होते का?" तेव्हा आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसलो होतो. मिलिटरी कसली! बोईसरच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या एका कारखान्यात बॉयलरवर होता तो.

मग कप्तान कुठला? ते सांगायचं तर आधी आमची गडफोड सांगायला हवी. तुम्ही पालघरचे असलात तरी ती तुम्हाला ठाऊक नसणार. पालघरला जिल्ह्याची कचेरी आल्यापासून तिथली माणसं समुद्राकडे तोंड करून बघतच नाहीत.

गावाबाहेर खाडीच्या तोंडाशी एक पडकी गढी आहे. दोन बुरूज उभे, एक बसलेला, आणि पुढे एक दिंडी, इतकी अरुंद की जरा खात्यापित्या घरचा माणूस असेल तर तिरका होऊनच आत जातो. ही गढी फिरंग्याची होती आणि आमच्या वाडवडलांनी ती मारली, असं आम्ही म्हणतो. इतिहासाच्या पुस्तकात शोधायला जाऊ नका. शाळेतल्या एका मास्तरांनी शोधलं होतं, त्यांना काही सापडलं नाही, आणि हे त्यांनी गावात बोलून दाखवल्यावर त्यांना कुणी बोंबील देईना. तर माघात खडकाई देवीची जत्रा भरते आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ती गढी पुन्हा एकदा मारतो.

त्याची रीत आहे. देवळापुढे नगारा ठेवतात. नगाऱ्याचा मान डोंगराकडच्या पाड्यावरच्या गोमाच्या घराण्याचा. नगाऱ्यामागे एक पांढरं कापड ताणलेलं असतं. ज्याला सरदारकीची हौस त्याने माणसं घेऊन यायचं. एकेका माणसाचा उजवा पंजा शेंदरात बुडवायचा, कापडावर उठवायचा, आणि सरदाराने मोठ्याने म्हणायचं, "माझा माणूस, नाव अमुक, गाव बुरूजपाडा!" की गोमा नगाऱ्यावर एक टिपरू हाणणार. ज्याचे पंजे जास्त तो सेनापती. जो हरला त्याने स्वतःचा पंजा सेनापतीच्या ओळीत उठवायचा आणि त्याच्या हाताखाली जायचं. सेनापतीचा पंजा मात्र उठत नाही. तो बापडा दुसऱ्यांचे उठवतो.

पंजा उठला की तो माणूस वर्षभर खडकाईचा, म्हणजे गावाचा. त्याच्या डोक्यात फिरंग्याची टोपी जाऊ शकत नाही. आणि टोपी तर कुणाच्या तरी डोक्यात जायलाच हवी, नाहीतर मारायचं कुणाला?

ती टोपी आणि एक लाल कोट बायडीकडे असतो. बायडी म्हणजे आमच्या बंदरावरची जुनी मासळीवाली. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालता घालता ती अख्ख्या गावालाही वाळत घालते. झुंबर पहिल्यांदा गावात आला तो तिचा भाडेकरू म्हणून. पारनेरकडचा माणूस. बोईसरला उतरायचं ते चुकून उमरोळीला उतरला, आणि डोक्यावर ट्रंक, मागे बायको राहीबाई, कडेवर मोनाली, असा विचारत विचारत गावात शिरला तो नेमका गडफोडीच्या दिवशी. त्या वर्षीचा फिरंगी ताडी पिऊन सकाळीच आडवा झालेला. बायडीने आपल्या नव्या भाडेकरूकडे पाहिलं, त्याचे घारे डोळे पाहिले, आणि खोलीची किल्ली द्यायच्या आधी टोपी दिली.

"घाल. तुजं डोलंच फिरंग्याचं हायत."

"आवं मावशे, पर मला करायचं काय?"

"हरायचं. दुसरं काय?"

झुंबर हरला. आणि इतका सुरेख हरला की पुढल्या वर्षी कुणी दुसरा माणूस शोधलाच नाही. बुरुजावर उभं राहायचं, बांबूच्या नळीतून सुतळी बाँब उडवायचे, फिरंगी भाषेत शिव्या द्यायच्या (तो पारनेरच्याच देतो, पण इतक्या भरभर की आम्हाला त्या फिरंगी वाटतात), मग गुडघ्यावर बसून टोपी द्यायची. त्याला गाडीवर उलट्या तोंडाने बसवून खाडीपाशी नेतात आणि चिखलात ढकलतात. त्याच क्षणी सगळं गाव पाठ फिरवून लुटीकडे पळतं. चिखलातून तो आपला आपण बाहेर येतो. काठावर राहीबाई बादली घेऊन उभी असते.

लूट म्हणजे गढीत मांडलेला माल. पूर्वी सुक्या बोंबलाच्या टोपल्या, नारळ, तांदूळ, एखादा कोंबडा असायचा. पंजा उठलेल्या प्रत्येकाने एकदाच आत जायचं आणि दोन हातांत मावेल ते उचलायचं. दिंडीबाहेर येईपर्यंत खाली टेकवलं की गेलं. सेनापतीचा हात पहिला. आता काळ बदलला. बोईसरचे ठेकेदार, दुकानदार देवीला नवस बोलतात आणि गढीत मिक्सर, पंखे, कुकर, शिलाई मशीन असा बाजार मांडला जातो. यंदा तर कुणा भक्ताने फ्रीज आणि कपडे धुवायचं मशीन पाठवलं. आणि इथून आमच्या गावाची अक्कल खाडीत वाहून गेली.

सेनापती व्हायला दोघं उभे. एक धीरज शेठ, इमारती बांधणारा. त्याची ख्याती अशी की त्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी शिंकलं तर खालचा "जुग जुग जियो" म्हणतो. दुसरा कैलास ठेकेदार, कारखान्यांना माणसं पुरवणारा. निवडणुका जवळ आल्या होत्या, घोड्यावर बसून फेटा बांधून फोटो काढायचा होता, आणि दोघांचाही डोळा त्या मालावर होता. खोटं वाटेल, पण धीरज शेठ महिनाभर अंगणात स्वतःच्या घरचं धुण्याचं मशीन उचलून चालायचा सराव करत होता. पहिल्या दिवशी हेतलवहिनी किंचाळत बाहेर आल्या, "अरे, चोर! चोर!" आणि बघतात तर चोर त्यांचाच नवरा.

आता माणसं हवीत तर माणसं कशी वळवायची? मानाची पदं वाटून. धीरज शेठने आपल्या वाडीवाल्याला नाईक केलं. लगेच कैलासने त्याच्या भावाला जमादार केलं. मग गावात जी लागण झाली ती काही विचारू नका. हवालदार, सुभेदार, किल्लेदार, तोफखान्याचा मुख्य (तोफ नाही, पण मुख्य आहे). आमच्या न्हाव्याला दोघांनीही सरनौबत केलं आणि तो दोघांकडून फेटा घेऊन आला. मलाही विचारलं. म्हटलं, गुडघे धरलेत, बसल्या बसल्या करता येईल असं काय ते द्या. मला राजवैद्य केलं. जत्रेच्या आधी आठवडाभर गावात साधा पाईक म्हणून औषधाला माणूस उरला नव्हता.

या सगळ्या धामधुमीत झुंबरच्या खोलीत वेगळंच चाललं होतं. माझी आणि त्याची भिंत एकच, त्यामुळे मला ऐकावं लागतं. कान काही मी मुद्दाम लावत नाही. झुंबर यंदा रिटायर झाला. राहीबाई गावाकडे परत जायचं म्हणत होती. मोनाली सासरी गेलेली, कारखान्याची पाळी संपलेली, इथे राहायचं कशाला?

"आवं, सारं आयुष्य इथं गेलं," झुंबर म्हणाला.

"गेलं की! चिखलात गेलं. दर वर्साला मी तुमची कापडं खळाळते. कुणी येऊन म्हनलं का, की राहीबाई, तुझा मालक आमचा हाय? एकदा तरी त्या नगाऱ्याम्होरं नाव घेतलं का तुमचं?"

 मग झुंबर म्हणाला, "यंदा मी दोघांस्नी सांगून बघतो. नाव घेतलं तर ऱ्हायचं."

"आन न्हाई घेतलं तर?"

"तर तुझा टेम्पो."

राहीबाईने त्याच दिवशी टेम्पोवाल्याला सांगितलं आणि भांडी पोत्यात भरायला घेतली. तिचा गावावर काडीइतका विश्वास नव्हता, आणि खरं सांगू, माझाही.

झुंबर धीरज शेठकडे गेला. शेठ मशीन उचलून फेऱ्या मारत होता. धापा टाकत म्हणाला, "अहो कप्तान, तुम्ही पंजा उठवलात तर फिरंगी कोण होणार? तुमच्यासारखं हरायला कुणाला जमतं का? हुकमी माणूस तुम्ही!" कैलासने तर खांद्यावर हात टाकला, चहा पाजला, "पुढच्या वर्षी नक्की" म्हणाला आणि वर विचारलं, "तुमच्या बॉयलरवरची तीन-चार पोरं मिळतील का हो पंजा द्यायला?" झुंबर चहा पिऊन घरी आला. भिंतीपलीकडे पोत्याचं तोंड सुतळीने आवळल्याचा आवाज मी ऐकला.

गडफोडीचा दिवस उजाडला. देवळापुढे पाय ठेवायला जागा नाही. धीरज शेठ पालघरहून आणलेल्या वरातीच्या घोड्यावर. घोडा सवयीने दर चार पावलांवर थांबून नाचत होता आणि शेठच्या कपाळावर फेटा उतरत होता. पंजे सुरू झाले. वाडीवाले झाले, बंदरावरचे झाले, पाड्यांवरचे झाले. दोघं बरोबरीत. तेवढ्यात कैलासने इशारा केला आणि बोईसरहून कंपनीची अख्खी बस येऊन उभी राहिली. त्यातून दुसऱ्या पाळीचे कामगार उतरले, डबे हातात.

"भैया, हाथ लगाव, बिस्कुट लेव!" कैलासचा मुकादम ओरडत होता.

"रंग निकलेगा ना सेठ? कंपनी में साहब चिल्लाता है."

कैलास भराभर म्हणत होता, "माझा माणूस, नाव सोनू, गाव बुरूजपाडा! माझा माणूस, नाव सोनू, गाव बुरूजपाडा!"

गोमाने टिपरू हवेतच थांबवलं. "ठेकेदार, तुमच्याकडं किती सोनू हायत?"

"सगळे सोनूच आहेत. तू वाजव!"

मी आजवर पुष्कळ थापा ऐकल्या आहेत, काही स्वतः मारल्याही आहेत. पण देवीच्या तोंडावर, भर दुपारी, बसभर सोनू! माझ्या गालातली सुपारी गालातच राहिली. धीरज शेठही कमी नव्हता. त्याने आपल्या साइटवरचे गवंडी आणवले, जत्रेतला पाळणेवाला धरला, बुढ्ढी के बाल विकणारा धरला. ज्यांना आम्ही कधी पंजा दिला नाही ते सगळे भाडेकरू, सगळे परगावचे, पाच-पन्नास पावलांत सापडेल तो प्रत्येक पुरुष शेंदराने लाल झाला. दरवर्षी झुंबरबरोबर फिरंगी होणारे त्याचे चार साथीदारही त्यात गेले.

आणि शेवटी गोमाने मान वर करून सांगितलं, "बरोबर. दोगांचं बरोबर."

 दोघं सरदार चहूकडे बघायला लागले. एक माणूस हवा, फक्त एक! कैलास आइसफ्रूटवाल्यावर झडप घालायला धावला, तर त्याने आपला लाल पंजा दाखवला. धीरज शेठची नजर फिरत फिरत गढीच्या वाटेकडे गेली. तिथे झुंबर लाल कोट घालून उभा होता आणि बायडी त्याच्या डोक्यात टोपी घालायला हात उचलत होती.

शेठने घोड्यावरून उडी मारली. वजनदार माणूस, पण भूक लागली की बोकाही कौलावर चढतो. त्याने झुंबरचं मनगट धरलं, फरफटत नगाऱ्यापाशी आणलं, त्याचा पंजा शेंदरात दाबला आणि कापडावर थापला.

"माझा माणूस! गाव बुरूजपाडा!"

गोमाने टिपरू उचललं नाही. "नाव?"

शेठने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"कप्तान," तो म्हणाला.

"ते नाव नाय. नाव सांगा."

"अहो कप्तान," शेठ हळूच त्याच्याकडे वाकला, "तुमचं नाव काय हो?"

 मला कोण धक्का बसला म्हणून सांगू! कारण मी मनात म्हटलं, मूर्खा, एवढंही ठाऊक नाही? आणि आजूबाजूला बघितलं तर न्हावी कैलासकडे बघतोय, वाणी न्हाव्याकडे बघतोय, दूधवाला जमिनीकडे. कुणालाच ठाऊक नव्हतं! आणि झुंबर? तो सांगेना.  बुरुजावरून पारनेरच्या शिव्यांचा पाऊस पाडणारा माणूस, स्वतःचं नाव विचारल्यावर घशातच अडकला. तिकडे कैलास एका भिकाऱ्याचा हात उलटून बघत होता.

"झुंबर!"

बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. राहीबाई. डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात ती दरवर्षीची बादली.

"झुंबर नाव हाय त्यांचं! झुंबर!"

ज्या बाईने लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल नसेल तेवढंच, नंतर जन्मात नवऱ्याचं नाव ओठावर आणलं नव्हतं, तिने ते चारशे माणसांपुढे फेकलं. बायकांनी हात तोंडावर नेले. खुद्द झुंबर असा दचकला की जणू त्यालाही ते नाव आत्ताच कळलं.

"माझा माणूस, नाव झुंबर, गाव बुरूजपाडा!" शेठ गरजला, आणि गोमाने असं टिपरू हाणलं की वरातीचा घोडा पुन्हा नाचायला लागला.

धीरज शेठ सेनापती झाला. गुलाल उडाला. कैलासने दात खात स्वतःचा पंजा शेठच्या ओळीत उठवला. तेवढ्यात बसने हॉर्न दिला, पाळीची वेळ झाली होती, आणि सगळे सोनू आपापले लाल पंजे घेऊन बोईसरला निघून गेले. शेठला त्याचं काय! त्याने तलवार उपसली. "चला, गढी मारू!"

"कोणाची?" बायडीने विचारलं.

ती नगाऱ्यापाशी येऊन उभी होती. हातात टोपी.

"म्हंजे काय? फिरंग्याची!"

"फिरंगी कोण हाय?"

सगळ्यांच्या माना झुंबरकडे वळल्या. झुंबरने उजवा पंजा वर केला. लालभडक.

आता बघा हं, अख्ख्या गावात एवढी शहाणी माणसं, नाईक, जमादार, सुभेदार, राजवैद्य, एकाच्याही टाळक्यात हे आलं नव्हतं. एकमेकांवर कुरघोडी करता करता आम्ही शत्रूलाच आपल्या सैन्यात भरती करून बसलो होतो. एकही माणूस हरायला शिल्लक ठेवला नव्हता! आणि फिरंगी हरल्याशिवाय लुटीला हात लावायची कुणाची छाती नाही. असं एकदा झालं होतं म्हणतात, त्या वर्षी खाडीत मासळीच आली नाही.

बायडी टोपी घेऊन फिरायला लागली. "हात दाखवा. तू दाखव. तुजा?" एकेक जण लाल पंजा दाखवत होता, तो भिकारीसुद्धा. न्हाव्याचे तर दोन्ही लाल होते. तो दोन्हीकडून जाऊन आला होता. मी माझा दाखवला. कैलासने दाखवला, आणि दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरायला लागलं की मला त्याचा अर्थ कळायला जरा वेळ लागला. मग मीही वळून पाहिलं. सगळं गावच हळूहळू वळलं.

सेनापतीने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते.

"शेट," बायडी गोड आवाजात म्हणाली, "हात बगू."

"मी सेनापती आहे!"

"म्हून तर. सेनापतीचा पंजा उठत नाय."

"मग आता उठवतो ना! गोमा, आण तो शेंदूर!"

गोमाने भांडं उलटं करून दाखवलं. सोनूंनी पुसून नेला होता सगळा.

शेठ पांढरा पडला. "हा काय चावटपणा आहे? मी घोडा आणलाय, फोटोवाला आणलाय..." पण त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत टोपी त्याच्या फेट्यावर बसली होती. कोट झुंबरने उजवा पंजा जपत स्वतःच उतरवून पुढे केला. तो झुंबरच्या मापाचा. मशीन उचलून कमावलेले शेठचे दंड त्यात शिरले तेव्हा शिवण पाठीवर टरकन फाटली. हेतलवहिनी पुढे सरसावल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता नवऱ्यासाठी भांडतील. त्या फोटोवाल्याला म्हणाल्या, "इथून घ्या, इथून उजेड चांगला येतो."

शेठला बुरुजावर चढवलं. आता हल्ला करायचा तर पुढे पाईक हवेत, आणि आमच्याकडे सगळे अंमलदार. "तुम्ही व्हा पुढे, जमादार." "छे, नाईक आधी." दिंडीपुढे असा मुजरा-रामराम चालला की वर फिरंग्याला बसायला दगड शोधावा लागला. पदाशिवायचा एकच माणूस होता, शेवटच्या पंजाचा. तो मागून आला, सगळ्या फेट्यांच्या मधून वाट काढत. उजवा हात त्याने वर धरला होता, तापल्या तव्याला हात लागल्यावर धरतात तसा. आणि आमच्या सैन्याच्या सगळ्यात पुढे, वीस वर्षांत पहिल्यांदा मारणाऱ्यांच्या बाजूने, झुंबर गढीत शिरला.

मी राजवैद्य म्हणून मागोमाग गेलो. वर शेठ काठीसारखा ताठ उभा होता. त्याला हरता येईना. गुडघा वाकेना.

"शेट," झुंबर हळू आवाजात म्हणाला, "डावा गुडघा आदी टेका. उजवीकडं दगूड हाय, लागतोय. टोपी दोन्ही हातांनी द्या. आन चिखलात पडताना तोंड मिटून घ्या बरं का."

"मी आमदारकीला उभा राहणार होतो हो," शेठ म्हणाला. रडवेला झाला होता बिचारा.

"ऱ्हा की. आदी टेका तर."

शेठ टेकला. मग गाडी, उलटं तोंड, खाडी, आणि इथे मला दुसरा धक्का बसला. मला वाटलं होतं, गरीब स्वभावाचा माणूस, झुंबर हलकेच ढकलेल. त्याने डावा खांदा लावला आणि वीस वर्षांच्या सगळ्या चिखलाची आठवण ठेवून असा रेटा दिला की शेठ गाडीवरून उडून भरतीच्या रेषेपलीकडे जाऊन पडला. चिखल बायकांपर्यंत उडाला. 

मग रीतीप्रमाणे सगळे पाठ फिरवून लुटीकडे पळाले. कैलास सर्वांत पुढे. (सेनापती फिरंगी झाल्यावर पहिला हात त्याचा.) त्याने फ्रीजला मिठी मारली, उचलला, आणि दिंडीत अडकला. फ्रीज पुढे जाईना, मागे येईना, टेकवला तर गेला! तो तिथे फ्रीज छातीशी धरून "पकडा रे, कुणीतरी पकडा रे" असं ओरडत होता आणि बाकीचे अंमलदार त्याच्या काखेखालून मिक्सर नेत होते.

मी गुडघ्यांमुळे खाडीवरच राहिलो, म्हणून हे मला दिसलं. झुंबर पळाला नव्हता. तो चिखलाच्या कडेला उभा होता. शेठ चिखलात चाचपडत होता, उठत होता, पडत होता. झुंबर पोटरीपर्यंत आत गेला आणि त्याने डावा हात पुढे केला. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

राहीबाई बादली घेऊन आली. तिने आधी शेठच्या डोक्यावर पाणी ओतलं, जरा जोरातच. मग नवऱ्याकडे वळली.

"आवं, कुकर तरी घ्यायचा! समदी लुटत्यात, आन तुम्ही हात हालवत आलाव?"

झुंबरने उजवा पंजा तिच्यापुढे धरला. दुपारभर कशालाही न लावलेला. गाडीला नाही, शेठला नाही, कपाळावरच्या घामाला नाही. रेघसुद्धा पुसली नव्हती.

"काय उचललं असतं तर गेला आसता," तो म्हणाला.

राहीबाई त्या पंजाकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने समुद्राकडे बघायला लागलो.

संध्याकाळी त्याने तो पंजा खोलीच्या दारापाशी भिंतीवर उठवला. बायडीने आकाशपाताळ एक केलं. "भिंत माजी हाय! चुना कोन देल, तुजा सेनापती?" मग चष्मा लावून जवळून पाहिलं आणि म्हणाली, "वाकडा लागलाय. जरा वर लावायचा होतास."

गावाची सवय काही सुटत नाही. वाणी अजूनही "कप्तान" अशीच हाक मारतो. फरक एवढाच की आता धीरज शेठ तिथून जात असला तर तोही वळून बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे टेम्पो दारात आला. राहीबाईने ड्रायव्हरला चहा दिला आणि रिकामा परत पाठवला. तो गुरगुरत गेला. मग भिंतीपलीकडून पोत्यांच्या सुतळ्या सोडल्याचा आवाज यायला लागला, आणि तवा, परात, डबे एकेक करून फळीवर चढायला लागले. झुंबर मदत करत असावा, कारण मधेच काहीतरी दाणकन पडलं.

"दोनी हातांनी धरा की!" राहीबाई ओरडली. "उजवा हात काय देव्हाऱ्यात ठेवलाय?"